भाजीपाल्यावरील कोळी किडीचा वनस्पतिजन्य औषधांनी बंदोबस्त

फाल्गुन सरून चैत्राचे ऊन तापू लागले म्हणजे विहिरीच्या पाण्यावर जोपासलेल्या वांगी व भेंडीच्या पिकात एक प्रकार नेहमी दृष्टीस पडतो. हिरवीगार पाने प्रथम फिकट दिसू लागतात. त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट ठिपके उमटतात. पुढे पान पिवळे, मग तांबूस पडून करपल्यासारखे होते व गळते. पाणी कमी पडले असावे असे समजून शेतकरी पाण्याची पाळी वाढवितो. तेवढ्याने भागले नाही म्हणजे खताची मात्रा देतो. शेवटी दुकानातून एखादे जालीम औषध आणून फवारतो. आठ-दहा दिवस पीक बरे वाटते. परंतु पंधरवडा उलटतो न उलटतो तोच शेंड्यांवर बारीक जाळे पसरलेले दिसते आणि उपद्रव पूर्वीपेक्षा अधिक वाढलेला असतो. पैसा गेला, मेहनत गेली आणि पीकही गेले, अशी त्याची अवस्था होते.

हा उपद्रव लाल कोळी या किडीचा होय. तिचे स्वरूप ओळखून वेळीच साधे उपाय योजले, तर बांधावरच्या कडुनिंबाच्या साहाय्याने तिचा बंदोबस्त बऱ्याच अंशी करता येतो. हे उपाय कोणते, ते कसे कार्य करतात आणि त्यांच्या मर्यादा काय आहेत, याचे विवेचन येथे केले आहे.

कोळी म्हणजे कीटक नव्हे

कोळी हा कीटकांच्या वर्गातील प्राणी नाही. कीटकांना सहा पाय असतात. लाल कोळ्याच्या पूर्ण वाढलेल्या जीवास आठ पाय असतात. त्याला पंख नसतात व मिशाही नसतात. घरात जाळे विणणारा कोळी व जनावरांच्या अंगावरील गोचीड हे त्याचे जवळचे नातलग होत. त्याची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर असते, म्हणून नुसत्या डोळ्यांना तो हलणाऱ्या तांबड्या ठिपक्यासारखा दिसतो. हा फरक केवळ पुस्तकी नाही. कीटकांना मारणारी कित्येक औषधे कोळ्यावर चालत नाहीत, आणि अनेक शेतकऱ्यांची फसगत नेमकी येथेच होते.

लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूस वस्ती करून राहतो. तेथेच मादी गोल, चकचकीत अंडी घालते. एक मादी आपल्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. अंड्यातून निघालेल्या पिलास प्रथम सहाच पाय असतात. कात टाकल्यावर त्यास आठ पाय येतात. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणजे महिनाभरात या किडीच्या तीन पिढ्या होऊ शकतात. आज चार झाडांवर दिसलेली कीड महिन्याभरात सारे शेत का व्यापते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

हा जीव पानाच्या पेशींत सुईसारखे मुखांग खुपसून आतील हरितद्रव्य व रस शोषून घेतो. रिकाम्या झालेल्या पेशी पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतात. हवा उष्ण व कोरडी असली, पिकास पाण्याचा ताण पडला किंवा रस्त्यालगतच्या शेतात पानांवर धूळ बसली, म्हणजे कीड विशेष फोफावते. जोराचा पाऊस पडल्यास ती पुष्कळशी धुऊन जाते. वाऱ्यावर तरंगणाऱ्या धाग्यांबरोबर, रोपांबरोबर व तोडणी करणाऱ्या मजुरांच्या कपड्यांबरोबर ती एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते.

औषध मारूनही कीड का वाढते

शेतात कोळ्याचे शत्रूही वावरत असतात. काळ्या रंगाचे अगदी लहान ढालकिडे, क्रायसोपाची पिले, काही जातींचे फुलकिडे आणि दुसऱ्या कोळ्यांना खाणारे परभक्षी कोळी हे सर्व लाल कोळ्यावर उपजीविका करतात. शेतकऱ्याच्या नजरेस ते क्वचितच पडतात. परंतु कीड मर्यादेत राहते ती पुष्कळ अंशी त्यांच्यामुळे.

वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे पुन्हा पुन्हा फवारली, म्हणजे हे मित्रजीव मरतात. कोळी मात्र पानाखाली, जाळ्याच्या आडोशाने बचावतो. शत्रू नाहीसा झाल्यामुळे त्याची वाढ अनिर्बंध होते. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांतील फळबागांत डी.डी.टी.चा सर्रास वापर सुरू झाला, तेव्हाही हाच अनुभव आला होता. इतर किडी कमी झाल्या, पण पूर्वी फारसा उपद्रव न देणारा कोळी ही तेथील मुख्य कीड होऊन बसली. भारतात १९८९ मध्ये शेतीसाठी डी.डी.टी.चा वापर बंद करण्यात आला. तथापि त्या अनुभवाचा धडा आजही लागू आहे.

याखेरीज आणखी एक कारण आहे. या किडीच्या पिढ्या झपाट्याने होत असल्याने एकाच औषधास ती लवकर दाद देईनाशी होते. मग शेतकरी मात्रा वाढवितो किंवा दोन-तीन औषधे एकत्र मिसळतो. वांगी व भेंडी यांची तोडणी तर दर दोन-चार दिवसांनी करावी लागते. औषध फवारल्यानंतर जितके दिवस थांबावयास पाहिजे, तितके दिवस थांबणे अशा पिकात बहुधा होत नाही. तेव्हा औषधाचा अंश घरच्या ताटात व बाजारच्या टोपलीत जातो, आणि ओल्या झाडांतून उघड्या हातांनी तोडणी करणाऱ्या बायामाणसांच्या अंगावरही तो येतो. वनस्पतिजन्य औषधांचे खरे महत्त्व या ठिकाणी आहे.

कडुनिंबाचे कार्य

कडुनिंबाचा पाला धान्याच्या कणगीत घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली असता आसपासचा झाडोरा फस्त झाला, पण कडुनिंबाची झाडे तेवढी शाबूत राहिली, असे हाइनरिख श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञास आढळले. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेल्या पिकास टोळ तोंड लावीत नाहीत. पुढे १९६८ मध्ये निंबोळीतील अॅझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले.

हे द्रव्य किडीस तत्काळ मारीत नाही. ते तिची खाण्याची वासना मंदावते, कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते व अंडी घालण्याचे प्रमाण घटविते. म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशी मेलेली कीड शोधावयास गेल्यास निराशाच पदरी येते. परिणाम पाहावयाचा तो सात-आठ दिवसांनी, नव्याने फुटलेल्या पानांवर.

कोळ्याच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अळ्यांवर निंबोळीचा पाण्यातील अर्क जितका प्रभावी ठरतो, तितका तो कोळ्यावर ठरत नाही. कोळ्यावर निंबोळीचे तेल अधिक उपयोगी पडते. तेलाचा पातळ थर किडीच्या अंगावर व अंड्यांवर बसून त्यांचा श्वास कोंडतो आणि तेलातील इतर द्रव्येही आपले कार्य करतात. म्हणून कीड दिसण्यापूर्वी किंवा अगदी तुरळक असताना अर्क फवारावा, आणि कीड स्पष्ट दिसू लागताच तेलाचे मिश्रण वापरावे, हा क्रम योग्य होय.

निंबोळी अर्क तयार करण्याची रीत (५ टक्के)

ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा कराव्यात. वरील गर चोळून काढून बिया स्वच्छ धुवाव्यात व सावलीत खडखडीत वाळवाव्यात. ओलसर बियांना बुरशी लागते व त्यांचा गुण जातो. वाळलेल्या बिया पोत्यात भरून हवेशीर जागी ठेवाव्यात व पुढील हंगाम येण्यापूर्वी वापराव्यात. वर्षाहून जुन्या बियांवर विसंबू नये.

१. फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो निंबोळ्या कांडून त्यांची भरड करावी.

२. ही भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी.

३. साध्या साबणाचा २०० ग्रॅम चुरा १ लिटर पाण्यात वेगळा विरघळवून ठेवावा.

४. सकाळी भरड काठीने चांगली ढवळून द्रावण दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे व चोथा पिळून काढावा. नीट वस्त्रगाळ न केल्यास फवारणी पंपाची तोटी तुंबते.

५. गाळलेल्या अर्कात साबणाचे पाणी मिसळावे व एकंदर द्रावण १०० लिटर होईल इतके पाणी घालावे.

एक एकर पिकास २०० लिटर द्रावण लागेल असे धरल्यास १० किलो निंबोळ्या व ४०० ग्रॅम साबण पुरतो. अर्क त्याच दिवशी वापरावा. शिळा ठेवू नये. उरलेला चोथा शेणखतात टाकावा.

निंबोळी तेलाचे मिश्रण (१ टक्का)

तेल पाण्यात आपण होऊन मिसळत नाही. ते नीट मिसळले नाही तर पंपात वर तरंगते. मग काही झाडांवर नुसते पाणी पडते व काही झाडांवर निव्वळ तेल पडून पाने करपतात. याकरिता पुढील रीत पाळावी.

१५ लिटरच्या पंपासाठी ७५ ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवावा. त्यात १५० मिलिलिटर निंबोळी तेल थोडे थोडे ओतीत सतत घुसळत राहावे. मिश्रण दुधासारखे पांढरे झाले व वर तेलाचा तवंग राहिला नाही, म्हणजे ते तयार झाले असे समजावे. नंतर ते पंपात ओतून उरलेले पाणी घालावे आणि फवारताना पंप मधून मधून हलवीत राहावे. एकरी २०० लिटर द्रावणास २ लिटर तेल व १ किलो साबण लागतो. कोवळ्या रोपांवर फवारण्यापूर्वी चार-पाच झाडांवर प्रयोग करून दोन दिवस वाट पाहावी. पाने भाजली नाहीत तरच सर्व पिकावर फवारावे.

तयार औषध विकत घ्यावयाचे असल्यास बाटलीवरील अॅझाडिरॅक्टिनचे प्रमाण अवश्य पाहावे. बाजारात ३००, १५०० व १०,००० पी.पी.एम. अशी निरनिराळी तीव्रता असते. १०,००० पी.पी.एम. म्हणजे १ टक्का होय. नुसते कडुनिंबाचे चित्र पाहून मात्रा ठरवू नये; तीव्रतेप्रमाणे मात्रा बदलते, म्हणून लेबलावरील सूचना पाळाव्यात. औषधाची मुदत तपासावी व दुकानदाराकडून पावती घ्यावी.

फवारणी करताना घ्यावयाची काळजी

औषध कितीही चांगले असले तरी ते किडीपर्यंत पोचले पाहिजे. कीड पानाखाली असते आणि फवारा बहुधा पानावर पडतो. पुष्कळ ठिकाणी कडुनिंबाचा गुण येत नाही, त्याचे कारण हेच होय. पंपाची तोटी वर वळवून झाडाच्या बुंध्याकडून शेंड्याकडे फवारत जावे, म्हणजे पानांची खालची बाजू भिजते. एक पान उलटून ते ओले झाले आहे की नाही, हे पाहण्याची सवय ठेवावी.

उन्हाने अॅझाडिरॅक्टिनचा गुण लवकर नष्ट होतो व भर उन्हात तेलाने पाने करपतात. म्हणून फवारणी सायंकाळी करावी. त्या वेळी मधमाश्याही फुलांवर नसतात. एका फवारणीने काम भागत नाही. कारण वाचलेल्या अंड्यांतून पुढील काही दिवसांत पिले बाहेर पडतात. ती मोठी होऊन अंडी घालू लागण्यापूर्वी, म्हणजे सुमारे सात दिवसांनी, दुसरी फवारणी करावी व आवश्यक वाटल्यास तितक्याच अंतराने तिसरी करावी.

फवारणीच्या जोडीला पुढील गोष्टी कराव्यात. पिकास पाण्याचा ताण पडू देऊ नये. कीड लागलेली खालची पाने तोडून पिशवीत भरावीत व जाळून टाकावीत. ती बांधावर फेकू नयेत. शेतातील व बांधावरील तण काढावे. आधी निरोगी भागात काम करून कीड लागलेल्या भागात शेवटी शिरावे. नत्रयुक्त खत वाजवीपेक्षा अधिक देऊ नये, कारण माजलेल्या कोवळ्या पानांवर कीड अधिक पोसते.

मिरचीवरील कोळी

मिरचीवर आढळणारा कोळी निराळा आहे. तो पिवळसर पांढरा असून भिंगाशिवाय दिसत नाही. त्यास दमट व उबदार हवा मानवते. त्याच्या उपद्रवाने शेंड्याची पाने खालच्या बाजूस वळतात व पानांचे देठ लांबतात. याउलट फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा वर वळतात. दोहोंसही शेतकरी बोकड्या किंवा चुरडामुरडा असे एकच नाव देतात व विषाणूमुळे होणाऱ्या रोगासही तेच नाव देतात. विषाणू झाडात शिरल्यावर कोणत्याही फवारणीने झाड सुधारत नाही. म्हणून प्रथम पान कोणत्या बाजूस वळले आहे ते पाहून व भिंगाने कीड तपासून मगच उपाय ठरवावा. कोळी आढळल्यास कोवळे शेंडे नीट भिजतील अशी तेलाची फवारणी करावी.

नारळावरील कोळी

कोकण व गोव्यातील बागाईतदारांस इरिओफाइड कोळ्याचा परिचय आहे. भारतात ही कीड १९९८ मध्ये केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात प्रथम आढळली व नंतर इतर नारळ प्रदेशांत पसरली. ती पाव मिलिमीटरच्या आसपास लांब, किड्यासारखी लांबट असून तिला चारच पाय असतात. कोवळ्या फळाच्या देठाशी असलेल्या टोपीखाली ती राहते. प्रथम टोपीलगत फिकट त्रिकोणी चट्टा दिसतो. पुढे तो तपकिरी होऊन साल खरबरीत होते व तडकते, आणि फळ लहान राहते.

येथेही कडुनिंबाचाच आधार घेण्यात येतो. १० लिटर पाण्यासाठी २०० मिलिलिटर निंबोळी तेल, २०० ग्रॅम लसूण व ५० ग्रॅम साबण घ्यावा. लसूण वाटून त्याचा रस गाळून घ्यावा व साबणाच्या पाण्यात घुसळलेल्या तेलात मिसळावा. हे मिश्रण कोवळ्या घडांवर, विशेषतः टोपीच्या भागावर फवारावे. झाडावर चढणे शक्य नसल्यास मुळावाटे औषध देता येते. पेन्सिलीएवढे जाड जिवंत मूळ तिरपे कापून, १०,००० पी.पी.एम. तीव्रतेचे १० मिलिलिटर अॅझाडिरॅक्टिन व तितकेच पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी त्यास बांधावी. औषध देण्यापूर्वी तयार नारळ उतरवून घ्यावेत व पुढील उतारा ४५ दिवसांनंतर करावा. याशिवाय दर झाडास वर्षाला ५ किलो निंबोळी पेंड द्यावी.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक नव्हे

झाडपाल्याचे औषध कसेही वापरले तरी चालते, हा समज चुकीचा आहे. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन हे माणसास अत्यंत घातक विष असून ते कातडीतूनही शरीरात शिरते. कोळ्यासाठी त्याचा अवलंब करू नये. निंबोळी तेल व अर्क मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. तेल पोटात गेल्यास लहान मुलांच्या जिवास धोका होतो. फवारताना अंगभर कपडे घालावेत, नाक-तोंड झाकावे व काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. पंप विहिरीवर किंवा तळ्यात धुऊ नये.

कोळ्यावर गंधक हे जुने व गुणकारी औषध आहे. परंतु गंधक व तेल एकत्र आल्यास पाने भाजतात. दोहोंच्या फवारण्यांत किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे. काकडी, दोडका यांसारख्या वेलींवर गंधक सोसत नाही, हेही ध्यानात असावे.

कीड सर्व शेतात पसरून जाळी झाली असेल, तर केवळ कडुनिंबावर भिस्त ठेवून भागणार नाही. अशा वेळी कोळ्यासाठीच शिफारस केलेले औषध जाणकारांच्या सल्ल्याने एकदा वापरावे व तोडणीपूर्वीची मुदत कसोशीने पाळावी. कडुनिंबाचे सामर्थ्य कीड थोडी असताना आहे. म्हणून या पद्धतीत वेळेस सर्वांत अधिक किंमत आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

प्रत्येक कार्यकर्त्याने दहापट मोठे दाखविणारे भिंग जवळ बाळगावे. शेतात आडवेतिडवे फिरून वीस झाडांची वरची, मधली व खालची अशी तीन-तीन पाने उलटून पाहावीत. भिंग नसल्यास पांढऱ्या कागदावर पान झटकावे. चालणारे ठिपके दिसले तर कीड आहे असे जाणावे. माघापासून पाऊस पडेपर्यंत ही तपासणी दर आठवड्यास व्हावयास पाहिजे.

शेतकऱ्यास सांगण्यापेक्षा दाखविलेले अधिक पटते. एखाद्या इच्छुक शेतकऱ्याच्या शेतात दोन सरींवर कडुनिंबाची फवारणी करावी व शेजारच्या दोन सरी तशाच ठेवाव्यात. फवारणीपूर्वी व नंतर सातव्या दिवशी दोन्हीकडील ठराविक पानांवरील कीड मोजून त्यालाच आकडे लिहावयास सांगावेत. खर्चाचाही हिशेब त्याच वहीत असावा. गुण किती आला व कोठे उणे पडले, हे त्या वहीवरून सर्वांस समजेल.

या सर्व कामाची सुरुवात मात्र उन्हाळी पिकाच्या आधी आठ-नऊ महिने होते. पहिल्या पावसाच्या सुमारास कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि बहुतेक गावांत तो पायदळी तुडविला जाऊन वाया जातो. त्याच वेळी घरटी दहा किलो बिया वाळवून ठेवल्या, तर चैत्रात एक एकर भाजीपाल्यावरील एका फवारणीचा अर्क घरच्या घरी तयार होतो. तीन फवारण्यांसाठी तीस किलो बिया लागतील. आपल्या पिकाचे क्षेत्र पाहून प्रत्येक शेतकऱ्याने हा हिशेब आषाढातच करावा.